की-लेस गाडीच्या चावीतला सेल संपला तर गाडी कशी उघडायची, कशी चालू करायची

हँडलचं बटण दाबलं तरी दार उघडत नाही, किंवा दार उघडलं तर स्टार्ट बटण दाबल्यावर समोर चावी सापडत नसल्याचा मेसेज येतो. अशा वेळी बरेच जण सरळ टोइंगवाल्याला फोन लावतात आणि तासन्‌तास उभे राहतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पुष्कळदा गाडी ठणठणीत असते, चावीतला नाण्याएवढा सेल तेवढा संपलेला असतो आणि त्यावरची सोय कंपनीने चावीत आणि गाडीत आधीच करून ठेवलेली असते, फक्त गाडी देताना कोणी नीट दाखवलेली नसते.

आधी बघा की सेलच गेलाय ना. चावीवर छोटा लाईट असेल तर बटण दाबल्यावर तो लागतो का, की मिणमिणतो? घरातल्या दुसऱ्या चावीने गाडी लगेच उघडली तर पहिल्या चावीचाच प्रॉब्लेम. उलट आतले दिवे मंद झालेत, स्टार्ट करताना नुसता टकटक आवाज येतोय, तर गाडीचीच बॅटरी उतरलीय आणि चावीचा सेल बदलून काही होणार नाही. अजून एक, चावी मोबाईलला किंवा चार्जरला चिकटून असेल तरी सिग्नल अडतो, म्हणून ती बाजूला घेऊन एकदा परत ट्राय करा.

आता दार. चावीच्या मागे किंवा कडेला एक छोटी खिट्टी असते, ती दाबून किंवा सरकवून ओढलं की आतून साधी धातूची चावी बाहेर येते. ती शक्यतो ड्रायव्हरच्या दाराला लागते. तिथे कीहोल दिसत नसेल तर नाही असं समजू नका, बऱ्याच गाड्यांमध्ये ते हँडलच्या टोकाला प्लास्टिकच्या टोपणाखाली लपवलेलं असतं, टोपणाला खालून बारीक खाच असते, तिच्यात तीच चावी घालून हलक्या हाताने टोपण उचकायचं. असं दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजायला लागतो, घाबरू नका, गाडी चालू झाली की तो बंद होतो.

गाडी चालू करणं हा खरा महत्त्वाचा भाग. चावीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, एक चिप असते आणि तिला सेल लागतच नाही, गाडीतल्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) अगदी जवळ नेलं की कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला तेवढ्यापुरती वीज मिळते आणि ती आपला कोड गाडीला देते. फक्त हे काही सेंटिमीटरवरूनच होतं, म्हणून चावी खिशात किंवा पर्समध्ये ठेवून चालत नाही, ठरलेल्या जागीच धरावी लागते. बऱ्याच गाड्यांमध्ये ती जागा म्हणजे स्टार्ट बटणच. टोयोटाच्या स्मार्ट चावीत लोगोची बाजू बटणाला टेकवायची आणि आवाज आला की बटण दाबायचं, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत तर सरळ चावीनेच बटण दाबायचं. काही गाड्यांत मात्र कप होल्डरच्या तळाशी, आर्मरेस्टच्या खालच्या खणात किंवा स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी चावीचं चिन्ह असतं, तिथे ठेवावी लागते. आपल्या गाडीत कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, आजच बघून ठेवा, अंधारात रस्त्याच्या कडेला शोधत बसण्यापेक्षा बरं. ऑटोमॅटिकला ब्रेक आणि मॅन्युअल गिअरवाल्या गाडीला क्लच दाबलेला असू द्या, आणि चावीवर धातूचं कव्हर असेल तर ते आधी काढा.

एकदा चालू झाली की चावीचा सेल संपलाय म्हणून इंजिन मध्येच बंद पडत नाही, त्यामुळे बिनधास्त जा, फक्त वाटेत बंद केलीत तर हेच सगळं परत करावं लागेल.

सेल बदलणं घरी सहज होतं. पुष्कळ चाव्यांत सीआर२०३२ असतो, म्हणजे ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. सीआर२०२५ पण तेवढाच रुंद असतो पण जाडी २.५ मिलिमीटर, म्हणून बसला तरी कॉन्टॅक्ट लूज राहू शकतो, अंदाजाने घेऊ नका, जुन्या सेलवर छापलेला नंबर वाचूनच नवा आणा. धातूची चावी काढल्यावर जी खाच दिसते तिच्यात चपटा स्क्रू-ड्रायव्हर घाला, टोकाला कापड किंवा टेप गुंडाळा म्हणजे प्लास्टिकला ओरखडे पडणार नाहीत, आणि हळूहळू पिळा, दोन भाग सुटतात. सेलची अधिकची (+) बाजू वर होती की खाली ते लक्षात ठेवा, नाहीतर मोबाईलवर फोटोच काढून ठेवा. सेल उचकटताना जोर लावू नका, त्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या नाजूक असतात आणि एकदा वाकल्या की नवा सेल घालूनही चावी चालत नाही. नवा सेल कडेने धरा, बोटांचं तेल लागायला नको. रबराची रिंग असेल तर ती जागेवर बसवा, पाणी आत जाऊ नये म्हणून असते ती. मग दोन्ही भाग कट्ट आवाज येईपर्यंत दाबा. चावी परत प्रोग्राम करायची गरज शक्यतो पडत नाही.

घरात लहान मूल असेल तर हे करताना त्याला जवळ येऊच देऊ नका. असा सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकते, उलटी करवत बसू नका, नुसती शंका आली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावून तो ई-कचऱ्यात द्या, ड्रॉवरमध्ये टाकून ठेवू नका.

नवा सेल घालूनही चावी मुकीच असेल तर आधी सेल उलटा तर नाही ना बसला ते बघा, मग धातूच्या पट्ट्या सेलला टेकतायत का ते, आणि तरीही नाही तरच सर्व्हिस सेंटरला जा. आणि दुसऱ्या चावीचा सेलही लगेच बदलून टाका, ती वापरात नसली तरी गाडीचा सिग्नल येतोय का हे सारखं ऐकत असते, त्यामुळे नुसतं पडूनही सेल संपतो.