एकाच दुकानाशी बांधून घेण्याआधीचा हिशेब

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचे (टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका करत खेळायच्या खेळाचे) पुस्तक पीडीएफ स्वरूपात विकणाऱ्या छोट्या प्रकाशकाला ड्राइव्हथ्रूआरपीजी या संकेतस्थळावर नोंदणी करताना दोन पर्याय मिळतात: इतर ऑनलाइन दुकानांत ते न विकण्याचे मान्य केल्यास विक्रीच्या 70 टक्के रक्कम हाती येते, अन्यथा 65 टक्के. हा पाच टक्क्यांचा मोह बहुतेकांना आवरत नाही, पण आकडेमोड वेगळेच सांगते. दहा डॉलरच्या पुस्तकावर हा फरक अवघा अर्धा डॉलर, म्हणजे शंभर प्रतींमागे पन्नास डॉलर होतो, उलट इच.आयओ या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर संकेतस्थळाचा वाटा किती असावा हे विक्रेताच ठरवत असल्याने (काही न ठरवल्यास तो 10 टक्के धरला जातो), पेमेंटचे शुल्क वजा जाऊनही तिथल्या सहा-सात प्रतींत ही तूट भरून निघते. अर्थात, तेवढ्याही प्रती तिथे खपणार नसतील, तर बंधन पत्करलेले बरे.

पीडीएफमध्ये प्रकरणांचे बुकमार्क अवश्य द्यावेत, कारण खेळातल्या ऐन लढाईत नियम शोधताना दोनशे पाने सरकवत बसायला कोणीही तयार नसतो. छपाईसाठी रंगीत पार्श्वभूमी काढलेली वेगळी फाइलही सोबत ठेवावी.