नव्या माउंटन बाइकचा पुढचा शॉक बिघडला तर काय करायचं?

नव्या सायकलच्या शॉकमध्ये काही गडबड दिसली की आपल्याकडे सोलापुरात पहिला सल्ला येतो, "खोलून बघू." तेवढं मात्र होऊ देऊ नका. वॉरंटीतला शॉक बाहेर कुठे खोलला, की कंपनी पहिलं बोट त्या खोलण्याकडेच दाखवते. शिवाय हवेच्या शॉकमध्ये, म्हणजे स्प्रिंगऐवजी भरलेल्या हवेवर दबणाऱ्या शॉकमध्ये, दाब असतो. तो न सोडता वरचं टोपण फिरवलं तर ते उडून तोंडावर येऊ शकतं. गल्लीतला मेकॅनिक पंक्चर आणि गिअरमध्ये कितीही तरबेज असो, हे काम त्याचं नाही.

पायरी १: चालवायची की नाही?

चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या ज्या दोन पायांत हा शॉक असतो त्याला, तडा दिसतोय, एक पाय वाकलाय किंवा ब्रेक मारताना हँडलच्या खालून कट-कट आवाज येतोय, तर दुकानापर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. पुढचं चाक काढून सायकल रिक्षात घाला. तुळजापूरच्या घाटात उतारावर चिमटा तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. तेल गळत असेल तर ते ब्रेकच्या डिस्कवर उतरलंय का पाहा. उतरलं असेल तर पुढचा ब्रेक गेला असं समजा.

पायरी २: बिघाड नेमका कुठे आहे?

इथे घाई करू नका, कारण 'शॉक गेला' म्हणून आलेल्या बऱ्याच तक्रारी जोडणीच्या असतात. खोक्यातून आलेली सायकल अर्धवट जोडलेली असते आणि ती घाईत जोडली, की चिमटा चक्क उलटा बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. सायकलवर बसल्यावर पुढचा डिस्क ब्रेक डाव्या पायाला, मागच्या बाजूला असायला हवा. तो उजवीकडे आणि पुढे दिसला तर चिमटा उलटा आहे. अशी सायकल हँडलला विचित्र वळते आणि बिचाऱ्या शॉकला शिव्या बसतात.

पुढून ठकठक जाणवत असेल तर पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. दुसऱ्या हाताची बोटं हँडलखालच्या हेडसेटच्या सांध्यावर ठेवा. तिथे हालचाल लागली तर हेडसेट सैल आहे. दुकानदार दहा मिनिटांत तो कसून देईल. हालचाल खाली, चकचकीत नळी जिथे जाड पायात शिरते तिथे लागली, तर आतले बुश, म्हणजे नळीला आधार देणाऱ्या कड्या, ढिले आहेत. नव्या सायकलमध्ये हा दोषच.

शॉक दबतच नसेल तर आधी उजव्या पायावरचं लॉकआउटचं, म्हणजे शॉकची हालचाल अडवणारं, बटण बघा. ते लॉक ठेवूनच लोक हिप्परग्याच्या तलावाकडे मुरमाच्या रस्त्याने जातात. लॉक केलेला शॉक खड्ड्यात आपटत राहिला तर आतला भाग खरोखर बिघडतो, तेव्हा खराब रस्त्याला लॉक उघडा ठेवा. डाव्या पायावरची गोल चकती स्प्रिंगवरचा सुरुवातीचा ताण बदलते, स्प्रिंग त्याने कडक होत नाही. वजन जास्त असेल तर स्प्रिंगच बदलावी लागते.

हवेचा शॉक खाली बसत असेल तर शॉक पंपानेच दाब मोजा. पेट्रोल पंपावरची हवा अजिबात नको. आतली जागा इतकी लहान असते की क्षणात दाब मर्यादेपलीकडे जातो. मोजायचं ते सावलीत आणि सकाळी. आपल्या मे महिन्यात तापमान २० अंशांनी वाढलं तर ८० पीएसआयचा दाब सुमारे ६ ने वर चढतो. योग्य दाबाला १०० मिलिमीटरचा शॉक तुम्ही नुसते बसल्यावर साधारण १५ ते २० मिलिमीटर दबायला हवा. पंप काढताना येणारा फुस्स आवाज बहुतेक पंपाच्या नळीतला असतो, त्याला घाबरू नका. पण रात्री भरलेली हवा सकाळी निम्मी झाली, किंवा शॉक खाली बसून वरच येत नसेल, तर हवा आत अडवणारं रबरी सील गेलंय.

तेलाचं म्हणाल, तर नळीवर पातळ ओला थर दिसणं ठीक आहे. थेंब ओघळत पायावरून खाली येत असतील तर ती गळती. त्यावर गंज काढायचा स्प्रे मारू नका, सीलजवळचं वंगण धुऊन जातं.

पायरी ३: पुरावा

पुसण्याआधी फोटो काढा. गळतीचा, नळीवरच्या ओरखड्याचा आणि पेडलच्या नळीखाली कोरलेल्या फ्रेम नंबरचा. शॉकचा स्वतःचा अनुक्रमांकही टिपून ठेवा. हलवण्याच्या चाचणीचा छोटा व्हिडिओ घ्या. बिल, वॉरंटी कार्ड आणि ऑनलाइन घेतली असेल तर खोकंसुद्धा सांभाळा.

पायरी ४: दुकानदार

सोलापुरात शॉक खोलून दुरुस्त करणारं केंद्र बहुधा सापडत नाही. दुकानदार तो पुण्याला पाठवतो म्हणाला तर त्यात वावगं काही नाही. पण तोंडी कबुलीवर सायकल सोडून येऊ नका. जमा केल्याची पावती घ्या, तीत दोष शब्दांत लिहून घ्या, आणि त्याच दिवशी ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवर तोच मजकूर पाठवा. 'चालवताना पडलात' किंवा 'उड्या मारल्या' असं म्हणून वॉरंटी नाकारायची पद्धत आहे, म्हणूनच आधीचे फोटो लागतात. नव्या सायकलचा दोष आठवड्याभरात दिसला तर दुरुस्तीपेक्षा शॉक बदलूनच मागा. मला तरी तेच रास्त वाटतं.

पायरी ५: ऐकलं नाही तर

'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता पुण्याचा असो की ऑनलाइनचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच, दाद मागता येते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची.