नवीन सोडियम लूपमध्ये फ्लोमीटर कमी दाखवतो, काटा नाचतो: माझा अनुभव

लक्षण: ३१६ स्टेनलेस स्टीलचा नवा लूप (वितळलेलं सोडियम फिरवणारी नळ्यांची बंद मांडणी), २०० अंशांवर सोडियम फिरतंय, पण कायम चुंबकाच्या फ्लोमीटरचे (प्रवाहमापक; चुंबकाच्या क्षेत्रातून वाहणाऱ्या सोडियममध्ये तयार होणारा व्होल्टेज नळीवरच्या इलेक्ट्रोडवर मोजतो) मिलिव्होल्ट अपेक्षेपेक्षा कमी आणि सतत उड्या मारणारे. ॲम्प्लिफायर बदलला, चुंबक गॉसमीटरने तपासला, इलेक्ट्रोडचे वेल्ड पुन्हा केले. चार दिवस पाण्यात.

दोष मीटरचा नव्हताच. नव्या स्टीलवरच्या ऑक्साइडच्या थरामुळे २०० अंशांना सोडियम नळीच्या भिंतीला नीट चिकटत नाही. मध्ये रोध राहतो आणि सिग्नल तिथेच अडतो.

उपाय, याच क्रमाने: आधी सोडियमवरच्या आर्गॉनचा (निष्क्रिय वायू) दाब आणि एक्स्पान्शन टँकमधली (तापून फुगणाऱ्या सोडियमसाठीची टाकी) मोकळी जागा पाहा. पंप चालू ठेवून लूप तासाला ५० अंशांनी ४०० पर्यंत न्या आणि २४ तास तिथेच ठेवा. चुंबकाला आच लागू देऊ नका. मग कोल्ड ट्रॅपमधून (लूपपेक्षा थंड ठेवलेली गाळणी, सोडियममधला ऑक्साइड इथे साचून वेगळा होतो) थोडा प्रवाह सोडा. ट्रॅप सुरुवातीला १८० अंशांवर, नंतर हळूहळू १२० वर. (एकदम १२० केला की ऑक्साइडने तोंडाशीच चोंदतो. मग रडत बसा.) ट्रॅपचा प्रवाह स्थिरावल्यावरच लूप २०० वर आणा, घाई केली तर ऑक्साइड अरुंद जागी साचतो.

काटा आता स्थिर. सोडियम काढल्यावर लूप आर्गॉनखालीच ठेवा. हवा शिरली, तर हे सगळं पहिल्यापासून.