स्टँडवाला मॉनिटर आर्मवर कसा चढवायचा

मी डीटीपी करते. दिवसभर पुस्तकांची पानं लावायची. २४ इंची मॉनिटरच्या पडद्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर आणि ए-फोर पान २९.७. कागदावर हिशोब जुळतो, पण वरून मेनूने आणि खालून टास्कबारने आपापला वाटा घेतला की नेमक्या तळटिपा दिसेनाशा होतात. मॉनिटर उभा केला तर अख्खं पान दिसतं, वर पॅलेटलाही जागा उरते. त्यासाठी फिरणारा आर्म हवा, म्हणजे टेबलाला पकडून मॉनिटर अधांतरी धरणारा सांध्यांचा हात. आणि स्वस्तातल्या मॉनिटरच्या पाठीला आर्म लावायची भोकंच नसतात.

ही भोकं म्हणजे व्हेसा. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर चार, एकमेकांपासून १०० किंवा ७५ मिलिमीटरवर, साधारणपणे एम-४ आट्यांची. आधी पाठ नीट तपासा. कधी ती स्टँडच्या मानेमागे, कधी प्लास्टिकच्या टोपणाखाली दडलेली असतात. सापडली तर पुढचं वाचायची गरज नाही.

नसतील तरी लगेच ड्रिल उचलू नका. मॉनिटर हातात उभा धरा, पांढरं पान उघडा आणि समोर बसून बघा. डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळ्या छटेची दिसली तर तो टीएन पॅनेल आहे, म्हणजे कोन बदलला की रंग बदलणारा पडदा. आडवा असताना वरून-खालून बघताना येणारा त्याचा दोष उभा केल्यावर बाजूंना येतो, आणि दोन डोळ्यांना दोन वेगळे रंग दिसतात. असल्या मॉनिटरवर खर्च करू नये. आयपीएस, म्हणजे सगळ्या बाजूंनी रंग जवळपास सारखेच दाखवणारा, असेल तर पुढे चला.

पाठीच्या कव्हरला भोकं पाडून आतून बोल्ट टाकायचं कुणीतरी सुचवतंच. मी याच्या विरोधात आहे. ते नुसतं प्लास्टिक. भार पेलायला नसतंच. वरच्या पातळ भागात तर त्याच्या मागे लगेच पॅनेल. शिवाय २३० व्होल्टची वायर थेट मॉनिटरमध्ये जात असेल तर पॉवर सप्लाय आतच असतो, आणि प्लग काढल्यावरही त्याचा वीज साठवणारा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला राहू शकतो. मॉनिटर उघडायचा नाही, एवढं पक्कं.

बाजारात कडांना पंजासारखं पकडणारे अडॅप्टर मिळतात. आडव्या मॉनिटरला चालतात. पण त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत सगळा भार पातळ कडांवर येतो, आणि मला मॉनिटर सारखा फिरवायचा होता. कंपनीने भार पेलायला एकच जागा दिलेली असते, ती म्हणजे जिथे स्टँडची मान स्क्रूने बसते. तिच्यामागे लोखंडी पट्टी असते. आपली प्लेट तिथूनच सुरू करायची.

मान काढा, स्क्रू जपून ठेवा. आता मॉनिटरचं वजन कुठे तोलतं ते शोधा. लाटण्याला टॉवेल गुंडाळून त्यावर मॉनिटर पाठीवर, पडदा वर करून ठेवा आणि पुढेमागे सरकवा. सर्किट खालच्या भागात असल्यामुळे तोल मधोमध न येता थोडा खाली येतो. तिथे पेन्सिलने रेघ मारा. व्हेसा चौरसाचा मध्य या रेघेवर आला पाहिजे, नाहीतर उभा केलेला मॉनिटर हळूहळू आपणहून फिरतो.

प्लेट ॲल्युमिनियमची, ५ मिलिमीटर जाड. माझी १४ सेंटिमीटर रुंद आणि २६ लांब आहे, वजन अर्धा किलोच्या आत. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाठीवर ठेवून बघा: एचडीएमआयचं तोंड झाकतंय का, हवेच्या फटी बुजतायत का. तोच पुठ्ठा फॅब्रिकेशनवाल्याला द्या. आमच्या भागातल्या काकांनी तो उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, हे नक्की कशाचं झाकण?" पण कापून दिलं चोख.

भोकं ४.५ मिलिमीटरची पाडा, आधी सेंटर पंचने (टोकदार खिळ्यासारख्या हत्याराने) खूण ठोकूनच. १०० च्या चौरसाचा कर्ण १४१.४ मिलिमीटर भरतो. दोन्ही कर्ण मोजले की चौरस गुण्यात (काटकोनात) आहे की नाही कळतं. मॉनिटरकडच्या बाजूने भोकांची तोंडं पसरट (काउंटरसंक) करून घ्या, म्हणजे बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडतील आणि पाठीला टोचणार नाहीत. बोल्ट बाहेर आलेले राहतात, त्यांवर आर्मची चकती चढवून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज सैल न होणारे) आवळायचे. बोल्ट आणि नट पुण्यात बोहरी आळीत सुटे मिळतात.

मानेची जागा बहुधा खोलगट असते. तिच्या खोलीइतके स्पेसर घाला. मूळ स्क्रू मॉनिटरच्या आत जेवढा जात होता तेवढी लांबी, अधिक प्लेटची जाडी, अधिक स्पेसर, एवढेच लांब नवे स्क्रू घ्या. अर्धा सेंटिमीटर जास्त झाला तर तो आत कशाला भिडेल सांगता येत नाही.

फक्त खालच्या स्क्रूंवर मॉनिटर वर झुलत राहतो, आणि उभा केला की पीळही त्यांच्यावरच येतो. म्हणून प्लेटच्या वरच्या टोकाला एक आडवी पट्टी जोडून तिची दोन टोकं वरच्या कडेवर आकड्यासारखी वाकवून घेतली. आतून फेल्ट चिकटवलं. प्लेट आणि पाठ यांच्यामध्ये रबराचे तुकडे घाला, पण दाबून आवळू नका. पॅनेलवर दाब आला की काळ्या पडद्यावर पांढुरके डाग उमटतात.

आर्म गॅस स्प्रिंगचा असेल तर त्याची किमान वजनमर्यादाही बघा. स्टँड काढलेला मॉनिटर हलका होतो आणि आर्म त्याला वर उचलत राहतो. ॲलन कीने ताण कमी करावा लागतो. टेबल पार्टिकल बोर्डचं असेल तर क्लॅम्पच्या खाली-वर पत्र्याचा तुकडा घाला, नाहीतर बोर्ड दबतो.

केबल थोडी लांब घ्या आणि मॉनिटर पूर्ण फिरवून ताणली जात नाही ना ते बघा. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगमध्ये ओरिएंटेशन पोर्ट्रेट करा. अक्षरांच्या कडा किंचित रंगीत दिसतील, कारण पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्याही आडव्या झालेल्या असतात. क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरं रेखीव दाखवणाऱ्या विंडोजच्या सोयीची, जुळवणी पुन्हा करून बघा. माझ्या डोळ्यांना सवय झाली. बारीक टायपात शिरोरेषा मात्र अजूनही झूम करून तपासते.

मॉनिटर कधी उतरवायचा झाला तर आधी आर्म सर्वांत वर न्या, मगच नट सोडा. खाली दाबलेल्या आर्मवरून वजन काढलं तर तो जोरात उसळतो, आणि आपण नेमके त्याच्यावर वाकलेलो असतो.