लहान कॅनपीवर जाताय? नागपूरच्या उन्हात या चुका टाळा

स्कायडायव्हिंगमध्ये १९० चौरस फुटांच्या कॅनपीवर (पॅराशूटच्या छत्रीवर) उतरणं अंगवळणी पडलं की १७० खुणावू लागते. तिच्यावर चार लँडिंग उभ्यानं झाली की कुणीतरी स्वस्तात १५० विकायला काढलेली असतेच. लायसन्स थायलंड, दुबई किंवा स्पेनमधून आणलेल्या नागपूरकराच्या बहुतेक उड्या बाहेरगावी, एकाच खेपेत धडाधड होतात आणि मग कित्येक महिने काहीच नाही. लॉगबुकातला आकडा वाढतो, पण हात मात्र मधल्या काळात विसरलेले असतात. म्हणून खंडानंतरची पहिली उडी जुन्याच कॅनपीवर घ्या. नवी कॅनपी खेपेच्या मध्यावर काढा, शेवटच्या दिवशी तर नकोच.

काट्यावरचं नुसतं वजन धरणं

विंग लोडिंग म्हणजे विमानाच्या दारातून बाहेर पडणारं एकूण वजन पाउंडात, भागिले कॅनपीचं क्षेत्रफळ चौरस फुटांत. ७८ किलोचा माणूस १७२ पाउंडांना १७० नं भागतो, १.०१ येतं आणि तो खूश होतो. रिग (पाठीवरचा पॅराशूटचा पूर्ण संच), हेल्मेट, सूट, बूट धरले की साधारण १२ किलो वाढतात. ९० किलो म्हणजे १९८ पाउंड, आणि खरा आकडा १.१७. याच माणसाला १५० वर १.३२ पडतं. पहिल्या १०० उड्यांपर्यंत १.० च्या आत आणि पुढच्या दर शंभराला ०.१ हा चालत आलेला ढोबळ नियम लावला, तर १.३२ साठी चारशेच्या वर उड्या हव्यात. अंदाज करू नका, सगळा जामानिमा चढवून काट्यावर उभे राहा.

हलक्या अंगाच्या मंडळींची चूक उलटी असते. ५५ किलोच्या मुलीला १५० वर जेमतेम १.० पडतं, म्हणून ती निर्धास्त. पण कॅनपी लहान झाली की लाइन्सही (तिच्या दोऱ्याही) आखूड होतात. तेवढंच टॉगल (वळवायच्या दोरीची मूठ) ओढलं तरी ती जास्त झपकन वळते आणि वळताना उंची पटकन खाते. १५० च्या खाली लोडिंगचा आकडा कमी दिसला तरी पावलं सावकाशच टाकावीत.

हवा विसरणं

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, म्हणजे हजार फुटांच्या आसपास. डिसेंबरच्या सकाळी पारा १३ अंशांवर असताना हवेची घनताही हजार फुटांवर असायला हवी तेवढीच असते. नवतपात दुपारी पारा ४५ ला टेकला की तीच जमीन घनतेच्या हिशोबानं जवळजवळ पाच हजार फुटांवर जाते. हवा सुमारे ११ टक्के विरळ होते आणि तीच कॅनपी, त्याच वजनाखाली, ६ टक्के जास्त वेगानं उडते. वेगापुरतं बोलायचं तर हिवाळ्यातली १७० मे महिन्यात १५० झालेली असते, एक रुपयाही न मोजता.

अशात कुणी खरोखरच १५० बांधून चढला, तर हिवाळ्यातल्या १७० पेक्षा वेग सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. जमिनीवर जिरवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे सव्वापटीच्याही वर. फ्लेअरला (उतरताना टॉगल्स खाली ओढून वेग मारायला) मिळणारा वेळही घटतो. उन्हाळ्यात पहाटे पडलेला वारा असेल तर समोरून वेग तोडायलाही काही नसतं, पळत उतरावं लागतं. त्यामुळे लहान कॅनपीची पहिली खेप नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. आधीच लहान केली असेल तर एप्रिल-मेमध्ये जुनी मोठीच वापरा. यात कमीपणा काही नाही.

दुपारच्या वावटळींचं वेगळं सांगायला नको. लोडिंग वाढलं की कॅनपी कडक राहते, म्हणून वावटळीत चालते, हा समज महागात पडतो. ती मिटली तर परत भरेपर्यंत जास्त उंची जाते, आणि शंभर फुटांवर ती शिल्लक नसते. मातीचा भोवरा दिसला की उडी पुढे ढकला.

एकाच वेळी दोन गोष्टी बदलणं

आकार बदलायचा तर घाट तोच ठेवा. चौकोनी नऊ-सेल (नऊ कप्प्यांच्या) कॅनपीवरून लंबगोल कॅनपीवर जायचं तर आकार तोच ठेवा. पायऱ्याही गाळू नका: १७० वरून १५० म्हणजे १२ टक्के कपात, पण १५० वरून थेट १२० म्हणजे २० टक्के. मधली १३५ त्यासाठीच आहे.

वाऱ्यात मागे ढकलली जाते म्हणून लहान हवी, हेही कारण बरेचदा ऐकू येतं. त्यावर उपाय तो वारा टाळण्याचा आहे.

कंटेनर तोच, मेन लहान

या चुकीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. १९० च्या मेनसाठी (मुख्य कॅनपीसाठी) शिवलेल्या कंटेनरमध्ये (रिगच्या पिशवीत) १५० भरली की पाठीवर सगळं गुबगुबीत आणि ढिलं बसतं. क्लोझिंग लूपवर (पिन अडकवून कंटेनर बंद ठेवणाऱ्या दोरीच्या फासावर) ताण उरत नाही. विमानात भिंतीला रेललात की कंटेनर दबतो, लूप सैल पडतो आणि पिन सरकू शकते. दारात उभं असताना पायलट शूट (मेन ओढून काढणारी लहान छत्री) बाहेर आलं तर विमानाच्या शेपटाशी गाठ आहे. घरीच तपासा: पॅक केलेल्या रिगचा मेन कंटेनर तळहातानं दाबा आणि पिनकडे बघा. ती हलली तर लूप आखूड करा. लूप आखूड करूनही भागत नसेल तर हा कंटेनर त्या कॅनपीसाठी नाही.

डी-बॅगही (घडी केलेली कॅनपी ठेवायची पिशवी) मापाचीच हवी. लाइन्स बारीक झाल्या असतील तर रबर बँड लहान घ्या किंवा दोनदा गुंडाळा. स्टो (रबर बँडमध्ये अडकवलेले लाइन्सचे पदर) सैल राहिले की लाइन्स एकदम सुटतात आणि ओपनिंग मानेला झटका देतं. जुनं मोठं पायलट शूट तसंच ठेवलं तर बॅग हिसकली जाते, त्यानंही तेच होतं.

रिझर्व्हचाही (संकटकाळच्या दुसऱ्या पॅराशूटचाही) विचार करा. ९० किलोच्या त्याच माणसाला १२६ च्या रिझर्व्हवर १.५७ पडतं. एएडीनं (रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या यंत्रानं) रिझर्व्ह उघडलं तर ते अनोळखी शेतात, कदाचित बेशुद्धीत, उतरायचं असतं. विदर्भातलं शेत म्हणजे भेगाळलेली काळी माती, धुरे, पऱ्हाट्यांचे खुंट आणि कडेनं विजेच्या तारा. रिझर्व्ह मोठंच बरं.

जुनीवर येत नाही ते नवीवर करू बघणं

सध्याच्या कॅनपीवर एवढं सहज जमायला हवं: ठरवलेल्या जागेच्या दहा मीटरच्या आत सलग उतरणं, बिनवाऱ्याचं आणि आडव्या वाऱ्याचं लँडिंग, ५० फुटांवर अडथळा दिसला तर न झुकता ९० अंशांचं सपाट वळण, फ्लेअर करता करता दिशा बदलणं, आणि मागच्या रायझर्सवर (लाइन्स खांद्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर) कॅनपी हाताळणं. यातलं एकही अडत असेल तर लहान कॅनपी ते शिकवणार नाही, फक्त चूक मोठी करेल.

नव्या कॅनपीच्या पहिल्या तीन-चार उड्यांत फ्रीफॉल (कॅनपी न उघडता पडत राहणं) नकोच. पाच हजार फुटांच्या वर उघडा आणि अडीच हजारांवर येताच प्रयोग थांबवा. पाच पूर्ण फ्लेअर द्या, हात कुठे आल्यावर स्टॉल होतं (कॅनपी उडायची थांबते) ते बघा, ९० आणि १८० अंशांच्या वळणात किती फूट जातात ते अल्टीमीटरवर (उंचीमापकावर) वाचा. तो आकडा लक्षात ठेवा. पॅटर्न (उतरण्याआधीच्या टप्प्यांची वाट) १०००, ६०० आणि ३०० फुटांचाच ठेवा, पण प्रत्येक टप्पा पूर्वीपेक्षा लवकर संपेल हे धरून चला.

काहीतरी बिघडतंय, तर

फ्लेअर लवकर झाला आणि दोन-तीन मीटरवर थांबलात: टॉगल्स वर सोडू नका. आहेत तिथेच धरा, उरलेलं शेवटी ओढा, पाय जुळवून लोळून उतरा. घाबरून हात वर नेले की कॅनपी नाक खाली घालते आणि मग हाड मोडतं.

शेवटच्या क्षणी एकाच बाजूला झुकते: बहुधा तो हात जमीन धरायला पुढे जातोय. व्हिडिओ बघा, फ्लेअरभर नजर लांब ठेवा.

उघडताना लाइन्सना पीळ पडतात: मांडीचे पट्टे कमी-जास्त आवळलेत का, उघडताना खांदे समतल होते का, हे तपासा. लहान कॅनपी एवढ्याशा तिरकेपणानंही फिरते. पीळ सुटेपर्यंत ब्रेक सोडू नका. कॅनपी गरगरायला लागली आणि अडीच हजार फूट आले, तर कटअवे करून (मेन सोडून देऊन) रिझर्व्ह.

फ्लेअरमध्ये दमच नाही आणि पुढचे रायझर ओढले की कॅनपी धडपडते: जुनी विकत घेतलेली असेल तर स्पेक्ट्राच्या (एका कृत्रिम धाग्याच्या) ब्रेक लाइन्स (टॉगल्सच्या दोऱ्या) स्लायडरच्या (उघडताना लाइन्सवरून घसरणाऱ्या कापडी चौकोनाच्या) घर्षणाच्या उष्णतेनं आखडल्या असतील. टॉगल्स पूर्ण वर असताना ब्रेक लाइन मागे झुकलेली, सैल दिसायला हवी. ताठ दिसली तर कॅनपी कायम थोड्या ब्रेकमध्येच उडतेय, आणि रिगरनं (पॅराशूट दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं) त्या लाइन्स बदलेपर्यंत ती पॅक करू नका.