ध्रुव पावणेदोन मुठींवर: कोल्हापूर परिसरातून स्टार ट्रेल कसे टिपावेत

स्टार ट्रेलचे, म्हणजे आभाळात फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषांचे, जे फोटो आपण बघतो त्यात बहुतेक वेळा ताऱ्यांची गोल कडी आभाळात उंचावर असतात आणि खाली डोंगर किंवा बुरूज. असे पुष्कळ फोटो युरोपातले नाहीतर लडाखचे असतात, सगळे तारे ज्याच्याभोवती फिरताना दिसतात तो ध्रुवतारा तिथून उंच दिसतो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची जवळपास अक्षांशाएवढीच असते. हात सरळ ताणून मूठ धरली की तिची रुंदी अंदाजे १० अंश भरते. म्हणजे लडाखात साडेतीन मुठींवर असणारा ध्रुव आपल्याकडे जेमतेम पावणेदोन मुठींवर. जागा, फ्रेम, ऋतू, सगळं याच गोष्टीवर ठरतं.

मला हे पहिल्या रात्री माहीत नव्हतं. गडाच्या तटाला अगदी खेटून ट्रायपॉड लावला आणि दोन तास थंडीत बसलो. तट सुरेख आला, पण ध्रुव तटामागेच राहिला आणि वर नुसते वाकडे फराटे उमटले. वीस पावलं मागे सरकलो असतो तर काम झालं असतं.

दुसरा परिणाम मात्र मला फार आवडतो. ध्रुवापासून १६-१७ अंशांच्या आतले तारेच आपल्याकडे कधी मावळत नाहीत. बाकीच्यांच्या वर्तुळाचा खालचा भाग क्षितिजाखाली जातो, सप्तर्षीसुद्धा रोज बुडतात. त्यामुळे आपल्या फोटोत कडी कमी आणि कमानी जास्त येतात. अशा कमानीखाली एखादं छोटं देऊळ किंवा एकटं झाड फार शोभतं.

जागा

उत्तरेचं क्षितिज मोकळं हवं आणि शहराचा उजेड पाठीला हवा. या दोन्ही अटी पन्हाळ्याच्या पश्चिमेचं मसाई पठार चांगल्या पुऱ्या करतं. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले, ती वाट याच पठारावरून जाते. जमीन सपाट, मसाई देवीचं मंदिर, आणि कोल्हापूरचा पिवळा उजेड आग्नेयेला, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलं की उजव्या खांद्यामागे. खुद्द पन्हाळ्यावर सज्जाकोठीच्या बाजूला शहराचे दिवे समोर येतात, ती बाजू यासाठी नको.

राधानगरी-दाजीपूरचं आभाळ काळंभोर आहे, पण ते अभयारण्य आहे. रात्री जंगलात थांबायचा विचारही करू नका. पठारावर जातानाही आधी गावात आणि वनविभागाकडे विचारा, गावातला एखादा माणूस सोबत घ्या. पन्हाळा भागात गवे आणि बिबटे दोन्ही आहेत. एकट्याने जाऊ नका, गाडी जवळ ठेवा. दिवसाउजेडी जागा पाहून ठेवा, म्हणजे कडा कुठे आहे ते रात्री चाचपावं लागणार नाही.

रात्र

भिंतीवरची दिनदर्शिका इथे उत्तम कामाला येते. अमावास्येच्या आगेमागचे चार-पाच दिवस बघा. संकष्टीचा चंद्रोदय तर छापलेलाच असतो. तिथून पुढे चंद्र रोज सरासरी पाऊण तासाहून थोडा अधिक उशिरा उगवतो, म्हणजे त्यानंतर चार-पाच दिवसांनी मध्यरात्रीपर्यंतचा काळोख हाती येतो. शुद्ध चतुर्थीची कोरही वाईट नाही. ती लवकर मावळते, आणि तोवर तिच्या उजेडात देऊळ, गवत छान उजळतं.

ऋतू म्हणाल तर माझी पसंती ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. पावसाने हवा धुतलेली असते. पुढे गळीत हंगाम रंगात आला की शेतात पाचट पेटतं, धूर आणि धुरकं जमिनीलगत साचतं. डोक्यावरच्या ताऱ्यांना त्याचा फारसा त्रास नाही, पण आपला ध्रुव खाली असल्याने त्याच्याकडे त्या थरातूनच बघावं लागतं. तरीही डिसेंबर-जानेवारीत अवकाळी सर येऊन गेली तर दुसऱ्या रात्री जरूर निघा.

सामान

मॅन्युअल मोड असलेला कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, सोबतची १८-५५ लेन्सही चालते. भक्कम ट्रायपॉड, लॉक होणारा केबल रिमोट, दोन भरलेल्या बॅटऱ्या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद बांधा, डोळ्यांना काळोखाची झालेली सवय मोडत नाही. प्रो मोडमध्ये ३० सेकंदांचं शटर देणारा फोन असेल तर पहिल्या सरावाला तोही पुरे.

पठारावर रात्री दव पडतं आणि काच कधी धुरकटली ते कळतही नाही. पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी हीटरचा पट्टा लेन्सभोवती गुंडाळा. नसेल तर हात शेकायच्या गरम पिशव्या मोज्यात घालून लेन्सला बांधा. दर वीस मिनिटांनी काच तपासा, पण पुसताना कॅमेरा हलला तर रेषा तुटते हे ध्यानात ठेवा.

उत्तर शोधा, फ्रेम लावा

होकायंत्राचं ॲप अंदाज देतं, खात्री आभाळाकडून करावी. नोव्हेंबरअखेर रात्री आठच्या सुमाराला शर्मिष्ठा, ती एम आकाराची पाच ताऱ्यांची ओळ, उत्तरेला चांगली उंच असते. तिच्या सरळ खाली या. एप्रिलमध्ये हेच काम सप्तर्षी करतात: चौकोनाच्या शेपटीपासून दूरच्या बाजूचे दोन तारे, पुलह आणि क्रतू, घ्या; पुलहाकडून क्रतूकडे रेघ ओढून ते अंतर पाचपट पुढे नेलं की ध्रुव. तो फार तेजस्वी नाही, खूप चमकणारा तारा शोधत राहाल तर चुकाल.

क्रॉप सेन्सरवर (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर) १८ मिमी लेन्स, कॅमेरा आडवा, की उभ्या दिशेला साधारण ४५ अंश मावतात. तळाला पाच-सहा अंशांची जमीन ठेवली तर ध्रुव फ्रेमच्या उंचीच्या बरोबर मध्यावर येतो. समोरचं देऊळ ध्रुवाच्या खाली मावेल इतकं मागे सरका.

फोकस

इथे घाई करू नका, इथली चूक नंतर निस्तरत नाही. ऑटोफोकस बंद. लाइव्ह व्ह्यूत, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, एखादा ठळक तारा घ्या, नोव्हेंबरात पश्चिमेला अभिजित किंवा ईशान्येला ब्रह्महृदय. दहापट मोठा करून रिंग हळूहळू फिरवा, ठिपका सगळ्यात बारीक होईल तिथे थांबा आणि रिंगला चिकटपट्टी लावा. मग कॅमेरा उत्तरेला वळवा. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद असू द्या.

एकच लांब फोटो की अनेक छोटे?

फिल्मच्या काळात बल्बवर, म्हणजे हवं तितका वेळ शटर उघडं ठेवता येणाऱ्या सेटिंगवर, शटर तासभर उघडं ठेवत. डिजिटलमध्ये तसं केलं की सेन्सर तापून दाणे येतात, आभाळ पांढुरकं पडतं, आणि शेवटच्या मिनिटाला कुणी टॉर्च मारला तर सगळा तास वाया. म्हणून ३०-३० सेकंदांचे फोटो लागोपाठ काढायचे आणि घरी एकत्र करायचे.

सुरुवातीला हे आकडे घ्या: अ‍ॅपर्चर एफ ३.५ किंवा ४, शटर ३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६००, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनवर पक्का, फाइल रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद. एक चाचणी फोटो घ्या, आभाळ उजळ वाटलं तर आयएसओ ८०० करा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद करा. ते चालू असलं की कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ एक काळा फोटो घेत बसतो आणि रेषेऐवजी तुटक टाके येतात.

आता ड्राइव्ह कंटिन्युअसवर ठेवा, रिमोटचं बटण लॉक करा आणि कॅमेऱ्यापासून दूर व्हा. ठरावीक अंतराने आपोआप फोटो काढणारा इंटरव्हल टायमर वापरणार असाल तर अंतर ३१ सेकंद ठेवू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांत ३० लिहिलेलं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं असतं, म्हणून ३३ किंवा ३४ ठेवा.

किती वेळ? पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा घेते, म्हणून तारे तासाला साधारण १५ अंश सरकतात. तासाभरात पूर्ण वर्तुळाचा चोविसावा भाग, दोन तासांत ३० अंश. दोन तासांच्या खाली कमानीला डौल येत नाही असं माझं मत आहे. तोवर थर्मासमधला चहा प्या आणि मोबाइलचा पडदा कॅमेऱ्याकडे वळवू नका. शेवटी झाकण लावून त्याच सेटिंगवर दहा काळे फोटो घ्या, सेन्सरचे तापलेले ठिपके घालवायला ते लागतात.

घरी आल्यावर

सगळ्या रॉ फाइलींना एकच दुरुस्ती लावून जेपेग किंवा टिफ करा आणि स्टारस्टॅक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. काळे फोटो वेगळे नोंदवा, दोन फोटोंमधली रेषेतली फट भरणारं गॅप फिलिंग निवडा. फोटोशॉपमध्ये थर एकावर एक ठेवून 'लाइटन' केलं तरी तेच होतं: प्रत्येक जागी सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ ठिपका टिकतो, त्यामुळे आभाळ काळं राहून रेषा वाढत जाते. विमानाची रेघ आली असेल तर त्याच एका फोटोत तिच्यावर काळा ब्रश फिरवून मग जोडणी करा.

तयार फोटोत ध्रुव मोठा करून बघा. लहानपणापासून अढळपदाची गोष्ट ऐकलेली असते, आणि इथे ध्रुवानेही इवलीशी कमान काढलेली दिसते. आकाशाच्या खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून तो सुमारे पाऊण अंशाला थोडा कमी अंतरावर आहे.

जमीन फार काळी वाटली तर पुढच्या वेळी मालिका सुरू करण्याआधी, संधिप्रकाश असतानाच त्याच फ्रेमचा एक वेगळा फोटो घेऊन ठेवा. आभाळाच्या भागावर मास्क लावून (तो भाग झाकून) त्यातली फक्त जमीन सगळ्यात शेवटी वर बसवा. यासाठी ट्रायपॉड संध्याकाळपासून जागचा हलता कामा नये, म्हणून फोकस दुपारीच दूरच्या डोंगरकड्यावर धरून ठेवा आणि अंधार पडल्यावर चाचणी फोटोतल्या ताऱ्यावर तपासून घ्या.