इंग्रजीत ‘मन होत नाही’ कसं सांगावं

आधी स्वतःशी ठरवा: काम नाकारायचं आहे, की करावं लागेल पण जिवावर आलंय? ‘आय विल ट्राय म्हणा’ हा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नका. समोरचा त्याला होकार धरतो आणि ठरल्या दिवशी काम मागतो.

मग शब्द निवडा. मनाचा निर्णय होत नसेल तर ‘हेझिटंट’, मनातून नको असेल तर ‘रिलक्टंट’, तयारीच नसेल तर ‘अनविलिंग’. तिन्हींपुढे ‘टू’ आणि मूळ क्रियापद: ‘आय ॲम रिलक्टंट टू साइन धिस’. ‘फॉर सायनिंग’ नको. ‘रेटिसंट’ इथे घुसडू नका, तो मोजकं बोलणाऱ्या माणसासाठी आहे.

खरी गाडी अडते ती ‘आय वुड रदर’पाशी, म्हणजे ‘त्यापेक्षा मला हे बरं’ असं सांगताना. बोलताना ते ‘आय’ड रदर’ होतं. यापुढे ‘टू’ येत नाही आणि ‘नॉट’ ‘रदर’च्या नंतर बसतो: ‘आय’ड रदर नॉट गो’. ‘आय वुडन्ट रदर गो’ चूक, ‘आय’ड रदर टू नॉट गो’ही चूक. घोटाळा ‘प्रिफर’मुळे होतो. त्याला ‘टू’ लागतो: ‘आय’ड प्रिफर नॉट टू गो’. दोन्ही साचे वेगवेगळे मोठ्याने म्हणून घोटा, नाहीतर ऐन बोलताना सरमिसळ होणारच.

दुसऱ्याने काही करू नये असं वाटत असेल तर क्रियापद भूतकाळी रूपात जातं: ‘आय’ड रदर यू डिडन्ट कॉल हर टुडे’. रूप भूतकाळाचं, गोष्ट आजची. इथे ‘डोन्ट’ लगेच खटकतं. ‘आय’ड रदर यू हॅडन्ट कॉल्ड हर’ म्हणालात तर फोन होऊन गेलेला असतो आणि तुमचं वाक्य तक्रार ठरतं. साहेबांशी बोलताना हा फरक महागात पडतो.

नुसतं ‘आय’ड रदर नॉट’ हे पूर्ण उत्तर आहे, पण वरिष्ठांसमोर तुटक वाटतं. ‘इफ दॅट्स ओके’ जोडा आणि कारण द्या: ‘द फिगर्स हॅवन्ट बीन चेक्ड’. कारण एकच द्या. तीन दिलीत तर सगळ्यात लंगडं पकडून तुम्हाला कामाला लावतील.

योजनेबद्दल शंका असेल तर ‘आय हॅव सम रिझर्वेशन्स अबाउट धिस’. रविवारचं काम नको असेल तर ‘आय ॲम नॉट कीन ऑन वर्किंग धिस संडे’. ‘ड्रॅगिंग युअर फीट’ म्हणजे टाळाटाळ करणं. हा थेट आरोप आहे, सहकाऱ्याच्या तोंडावर करू नका.

‘लोथ’ म्हणजेही मनातून तयार नसलेला, पण तो लेखी मजकुरातच शोभतो. त्याच्या शेवटी ‘ई’ अक्षर लागलं तर उच्चार ‘लोद’ आणि अर्थ तिरस्कार करणं. ईमेल पाठवण्याआधी ते एक अक्षर तपासा.